छोट्या लष्कराची खरेदी: आधी माणसं मोजा, मग बोटी

प्रश्न असा आला आहे. अंबरनाथ एमआयडीसीत रबरी सील आणि गॅस्केट बनवणारा एक कारखाना आहे. त्यांच्याकडे हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटदेशाच्या तटरक्षक दलाकडून सुट्या भागांची चौकशी आली. कारखाना सांभाळणारा तरुण इंजिनिअर विचारतो: यांच्याकडे गस्तीच्या बोटी इनमिन तीन-चार, त्यातल्या निम्म्या धक्क्याला बांधलेल्या, आणि तरी नव्या बोटीची बोलणी चालू. मग घोडं अडतं कुठे? पैसा कमी पडतो, खरेदीत कोणी खातं, की शिस्तच नाही? आणि अशा गिऱ्हाइकाला माल द्यावा का?

मी नौदलात इंजिनरूमपासून सुरुवात केली. पुढची बरीच वर्षं सामग्री आणि रिफिटच्या, म्हणजे जहाजांच्या मोठ्या दुरुस्तीच्या, कामात गेली. निवृत्तीनंतर शेजारच्या छोट्या देशांच्या बोटी मुंबईत दुरुस्तीला येत, तेव्हा त्यांच्या बाजूने कामावर लक्ष ठेवायला मला बोलावलं जाई. त्या जोरावर सांगतो.

पैसा कमी असतो, हे खरंच. खाणारेही असतात. पण बोट धक्क्याला बांधून ठेवणारं कारण बहुतेक वेळा वेगळंच निघतं: हात कमी असतात. यंत्र चालवणारे, ते उघडून पुन्हा नीट बसवणारे, साठा मोजणारे, आणि ‘साहेब, हे आपल्याला झेपणार नाही’ असं वरिष्ठांच्या तोंडावर सांगणारे हात. नवी बोट घेताना हे कोणी मोजत नाही. मग त्याच तुटवड्यात शिस्त ढिली पडते आणि आपण म्हणतो, पोरं बेशिस्त आहेत. तुम्ही खरेदी आणि शिस्त असे दोन प्रश्न विचारलेत, पण मला ते एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

मालदीवचं उदाहरण घ्या. भारताने दिलेली दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्निअर विमान तिथे होतं. ती उडवायला आणि सांभाळायला आपलेच सैनिक होते. तिथल्या नव्या सरकारच्या मागणीनुसार ते मे २०२४ मध्ये परत आले आणि त्यांच्या जागी भारतातूनच नागरी तंत्रज्ञ गेले. त्यानंतर लगेच मालदीवचे संरक्षणमंत्री घस्सान मौमून यांनी पत्रकार परिषदेत सांगून टाकलं, की ही तिन्ही यंत्रं चालवू शकेल असा माणूस आमच्या दलात अजून नाही. प्रशिक्षण सुरू झालं होतं, पण टप्पे पूर्ण झाले नाहीत. मंत्र्याने हे उघड बोलून दाखवलं याचा मला आदरच वाटतो. रुग्णाला बेटावरून हलवायचं असेल तर हीच विमानं लागतात, आणि ती फुकट मिळूनही चालवणारे हात दुसऱ्याचे होते.

हे गरीब किंवा नवख्या देशांचंच दुखणं आहे असं समजू नका. आयर्लंड श्रीमंत देश. त्यांच्या नौदलाने २०२३ च्या सुरुवातीला खलाशी पुरत नाहीत म्हणून दोन गस्तीजहाजं बाजूला बांधून ठेवली. त्याआधी २०२२ मध्ये त्यांनी न्यूझीलंडकडून दोन लहान वापरलेल्या गस्तीनौका घेतल्या होत्या, २ कोटी ६० लाख युरोंना. त्या विचाराने मला पटल्या: जुन्या मोठ्या जहाजांपेक्षा लहान, कमी माणसांत चालणाऱ्या. तरी सप्टेंबर २०२४ उजाडेपर्यंत त्या सेवेत दाखल झाल्या नाहीत. खरेदीचा कागद सोपा असतो, त्यावर माणूस उभा करायला वर्षं लागतात.

आणि न्यूझीलंड. छोट्या लष्कराच्या खरेदीबद्दल शिकायचं असेल तर या देशाचा इतिहास जरूर वाचा, कारण ते आपल्या चुका लपवत नाहीत. चौकशीचे अहवाल लोकांसमोर ठेवतात. १९९४ साली त्यांनी सैन्य आणि सामान वाहायला एक वापरलेलं डॅनिश रो-रो (गाड्या थेट आत चढवता येणारं) मालवाहू जहाज घेतलं आणि ‘चार्ल्स अपहॅम’ नावाने नौदलात आणलं. ते भरलेलं असताना ठीक चालायचं. हलक्या भारात मात्र समुद्रात इतकं डोलायचं की वापरणं अवघड झालं. सुधारणा करायच्या तर वर आणखी मोठा खर्च. शेवटी १९९८ मध्ये ते भाड्याने दिलं, भूमध्य समुद्रात संत्री-लिंबं वाहू लागलं, आणि २००१ मध्ये विकून टाकलं. व्यापारी जहाज भरल्या पोटी चालण्यासाठीच बांधलेलं असतं. लष्कराचं जहाज बहुतेक वेळ अर्धं रिकामं फिरतं. हा एक प्रश्न खरेदीआधी टेबलावर नीट मांडला गेला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्याच देशाने पुढे १०५ चिलखती गाड्या घेतल्या. एवढ्याशा सैन्याला इतक्या कशाला, हा वाद तेव्हापासूनच होता. २०२२ मध्ये त्यातल्या २२ चिलीला विकल्या.

पण मला सगळ्यात जास्त लागलेली घटना ‘मनावानुई’ची. नॉर्वेत २००३ साली तेलक्षेत्राच्या कामासाठी बांधलेलं जहाज न्यूझीलंडने २०१८ मध्ये १० कोटी ३० लाख न्यूझीलंड डॉलरला घेतलं आणि पाण्याखाली उतरणाऱ्या डायव्हरांच्या व सागरी सर्वेक्षणाच्या कामाला लावलं. नव्या जहाजापेक्षा स्वस्त, लवकर मिळणारं. कागदावर निर्णय चांगला होता. ५ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी सामोआजवळ सर्वेक्षण करताना ते प्रवाळखडकावर चढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुडालं. ७५ माणसं होती, सगळी वाचली. चौकशीत निघालं ते असं: जहाज ऑटोपायलटवर होतं आणि ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. जहाज वळत नाही म्हटल्यावर थ्रस्टरचं, म्हणजे जहाज ढकलणाऱ्या पंख्यांचं, नियंत्रण गेलं असा समज झाला, आणि त्या समजुतीवरच पुढचे हुकूम दिले गेले. सुकाणू ऐकत नाही असं दिसलं की आधी ऑटोपायलट सुटलाय का ते पाहायचं, ही डोक्याने करायची गोष्टच नाही. हाताने आपोआप व्हायला हवी. ती सरावाने येते. सराव करायला समुद्रावरचे दिवस लागतात, शिकवणारे जुने हात लागतात, आणि छोट्या नौदलात नेमके तेच चार जुने हात खाणीत किंवा व्यापारी जहाजांवर दुप्पट पगारावर निघून गेलेले असतात.

मोठ्या नौदलाला असा धक्का पचवता येतो. ५ डिसेंबर २०१६ ला इथेच, मुंबईच्या नौदल गोदीत, ‘बेतवा’ ही युद्धनौका ड्रायडॉकमधून (कोरड्या गोदीतून) काढताना कलंडली. दोन नौसैनिक गेले. ते दुःख मोठंच, पण पश्चिम ताफ्याचं काम दुसऱ्या दिवशी थांबलं नाही. जहाजं बोटांवर मोजण्याइतकी असतात त्या देशात एक जहाज गेलं की एक अख्खी क्षमताच जाते.

आता शिस्तीकडे येतो. यातलं एक उदाहरण जवळून सांगतो.

एका छोट्या देशाची गस्तीबोट मुंबईत रिफिटला आली होती. जनरेटरचं बेअरिंग गेलं होतं. मी इंजिनरूमचा लॉग, म्हणजे नोंदवही, मागवला. ल्युब ऑइलचा दाब दर तासाला लिहायचा असतो. पहाटेच्या वॉचला (पाळीला) ४.२, दुपारच्या वॉचला ४.२, मध्यरात्री ४.२. पानामागून पान तेच. शाई एका पेनाची, आकड्याचं वळणही एकच. खरं तर तेल तापलं की पातळ होतं, दाब थोडा उतरतो. नुकत्याच सुरू केलेल्या इंजिनाचा आकडा आणि चार तास चाललेल्या इंजिनाचा आकडा कधी सारखा येत नाही. टॉर्च घेऊन दाब दाखवणाऱ्या गेजपाशी गेलो. काच आतून धुरकटलेली. बोट किनाऱ्याच्या विजेवर होती, इंजिन गार पडलेलं, आणि काटा ४.२ वर.

त्यांच्या कमांडरला वाटलं, चोर सापडला. इंजिनरूमच्या त्या खलाशाला पुढे घालून खोट्या नोंदींचा आरोप ठेवायचा. नोंदी खोट्या होत्याच, त्यात मी त्याची बाजू घेतली नाही. पण मी म्हटलं, आधी स्टोअरची फाइल आणा. फाइलमध्ये त्याच खलाशाचं मागणीपत्र निघालं: गेज अडकलंय, नवीन द्या. वर शेरा, ‘साठ्यात नाही’. का नाही? कारण दलाच्या तीन बोटी तीन देशांच्या. या बोटीच्या गेजचे आटे वेगळे. दुसऱ्या बोटीचं गेज हिला बसत नाही. बोट भेट म्हणून आली तेव्हा सोबत सुट्या भागांच्या पेट्या होत्या, पण त्या संपल्यावर परत कुठून मागवायचं हे कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. आणि इंजिनरूमला तीन वॉच करायला तीन माणसं हवीत, तिथे हा एकटा. एकटा माणूस चोवीस तास दर तासाला खरं रीडिंग घेऊ शकत नाही. पहिल्यांदा त्याने झोपेसाठी खोटं लिहिलं असेल, मग सवय पडली, आणि खरं गेज नसल्यामुळे खोटं पकडणारंही काही उरलं नाही.

त्या मुलाला शिक्षा व्हायला हवी होती का? हो. खोटी नोंद खपवून घेतली की इंजिनरूममधला एकही आकडा विश्वासाचा राहत नाही, आणि पुढच्या वेळी बेअरिंगवर भागत नाही, माणूस जातो. पण त्या मागणीपत्रावर शेरा मारून फाइल मिटणाऱ्यालाही त्याच टेबलासमोर उभं करायला हवं होतं. शिस्त खालच्यालाच लावली की ती शिस्त राहत नाही, नुसती भीती राहते. आणि भ्यायलेला माणूस गेज अडकलंय हे कधीच सांगत नाही.

वरच्यांनी जबाबदारी कशी घ्यावी याचं उदाहरण आपल्याकडे आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत अपघात होऊन दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी, २६ फेब्रुवारीला, नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याने यंत्रं दुरुस्त होत नाहीत, असं तेव्हा म्हटलं गेलं आणि त्यात तथ्य आहे. तरी त्या दिवशी गोदीतल्या प्रत्येक फोरमनला कळलं की हा विषय कुठवर जातो.

छोट्या देशात आणखी एक अडचण असते, तिच्याबद्दल बाहेरचे लोक फार सहज बोलतात. सगळे एकमेकांचे असतात. स्टोअरकीपर कमांडरच्या आत्याचा मुलगा, चौकशी करणारा अधिकारी त्याचा शाळासोबती, आणि उद्या सगळ्यांना एकाच मशिदीत किंवा चर्चमध्ये भेटायचं. डिझेल कमी भरलं तर कोण कोणावर लेखी देणार? आपला आर्मी ॲक्ट १९५० चा. त्यातलं कलम ५४ सरकारी सामग्रीची परस्पर विल्हेवाट लावणं, निष्काळजीपणे हरवणं याबद्दल आहे, ५५ मालमत्तेच्या नुकसानीबद्दल. अशी कलमं छोट्या देशांच्या कायद्यातही सापडतील, पण बारा गावांच्या ओळखीत ती कपाटातच राहतात. यावर मला एकच उपाय उपयोगी पडलेला दिसला: मोजणारा माणूस बाहेरचा ठेवायचा. वर्षातून एकदा साठा मोजायला शेजारच्या देशाच्या नौदलातला माणूस बोलवा. त्यात कोणाचा अपमान नाही, उलट घरच्या माणसाची सुटका होते.

खरेदीतही तेच. मोठ्या लष्करात गरज लिहिणारे वेगळे, तांत्रिक तपासणी करणारे वेगळे, चाचणी घेणारे वेगळे, भाव पाडणारे वेगळे, आणि माल आल्यावर ताब्यात घेणारे वेगळे. कामाला वेळ लागतो, लोक कंटाळतात, पण पाच जणांना एकदम फितवणं कठीण असतं. छोट्या देशात हे पाचही जण एकच असतात: एक लेफ्टनंट कर्नल आणि त्याचा कारकून. तो प्रामाणिक असला तरी त्याला वेळ नसतो, म्हणून विक्रेत्याचं ब्रोशर समोर ठेवून गरज लिहिली जाते. वेग ब्रोशरमधला, तोफ ब्रोशरमधली. मग टेंडरला एकच कंपनी पात्र ठरते आणि लोक म्हणतात, खाल्ले. कधी खाल्लेलेही असतात. पण कारकून दोन आणि कंपनीचे वकील दहा, हेही एक कारण असतं.

निदान ताबा घेण्याचं काम तरी वेगळं काढावं. आपल्या पवईतच इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचं मुख्यालय आहे, जहाजं तपासून प्रमाणपत्र देणारी १९७५ पासूनची संस्था. असा तिऱ्हाईत सर्व्हेअर बांधणीच्या काळात नेमला, तर वेल्डिंगपासून समुद्रातल्या चाचणीपर्यंत सही त्याची राहते. त्याची फी बोटीच्या किमतीपुढे नगण्य.

किमतीवरून आठवलं. बहुतेक छोटे देश एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाव, पाहून निर्णय घेतात. अमेरिकेचे सरकारी लेखापरीक्षक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, की शस्त्रसामग्रीच्या एकूण आयुष्याच्या खर्चातला सुमारे ७० टक्के भाग वापर आणि देखभालीत जातो. म्हणजे टेंडरमध्ये भांडतो ते उरलेल्या ३० टक्क्यांवर. स्वस्त बोटीचं इंजिन असं असेल की त्याचा मेकॅनिक सिंगापूरहून विमानाने आणावा लागतो, तर ती स्वस्त नाही. माझं ठाम मत आहे: छोट्या देशाने सगळ्यात चांगलं इंजिन घेऊ नये, शेजाऱ्याकडे आणि आपल्या मच्छीमारांकडे आहे तेच इंजिन घ्यावं. बंदरातला मेकॅनिक ते डोळे मिटून उघडतो, आणि युद्ध असो वा वादळ, भाग मिळतो.

ऑस्ट्रेलियाने हे प्रशांत महासागरात बऱ्यापैकी जमवलं. १९८७ ते १९९७ या काळात १२ छोट्या देशांना एकाच नमुन्याच्या २२ गस्तीबोटी दिल्या, सोबत सल्लागार, प्रशिक्षण आणि देखभाल. सगळीकडे तीच बोट, त्यामुळे टोंगाचा इंजिनवाला फिजीच्या बोटीवर काम करू शकतो. २०१८ पासून त्या जागी नव्या ‘गार्डियन’ वर्गाच्या बोटी जाऊ लागल्या. त्यांतही दोष निघाले. २०२२ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाला तडे आढळले. पण बोटी एकाच नमुन्याच्या असल्यामुळे दोष एका ठिकाणी सापडला की सगळ्यांना कळवता आला. सामोआची ‘नाफानुआ २’ मात्र २०२१ मध्ये खडकावर चढून कायमची गेली, आणि फिजीची ‘पुआमाउ’ २०२४ मध्ये पहिल्याच गस्तीत खडकावर अडकली. पुन्हा तेच: बोट देता येते, ब्रिजवर (जहाज हाकण्याच्या कक्षात) उभं राहणारा अनुभव देता येत नाही.

भारतही शेजाऱ्यांना बोटी देतो. मालदीवला २००६ मध्ये ‘तिलनचांग’ दिली, ती तिथे ‘हुरावी’ झाली, आणि २०२३ मध्ये तिच्या जागी दुसरी दिली. जुन्या बोटीच्या जागी बदली देणं ही मला खूप शहाणपणाची पद्धत वाटते, कारण घेणाऱ्याच्या ताफ्यात बोट कमी होत नाही. भेट घेणाऱ्या देशाला मात्र एक धैर्य हवं: न पेलणारी भेट नाकारण्याचं. ते फार कमी जणांना जमतं, कारण समारंभात बँड वाजतो आणि फोटो छापून येतो.

आता तुमच्या कारखान्याचं. माल जरूर द्या. पण तुमच्या मालाचं पुढे काय होतं ते समजून द्या. रबराला वय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. मी अशा स्टोअरमध्ये सीलची न उघडलेली पाकिटं पाहिली आहेत, ज्यांची क्यूर डेट (रबर पक्कं केल्याची तारीख) पुसून गेलेली, बोटाने दाबली तर कडेला बारीक चिरा. बिन कार्डवर (साठ्याच्या नोंदीच्या कार्डावर) मात्र साठा पूर्ण. ऑडिटवाला खूश, आणि समुद्रात सील फुटलं की दोष मेकॅनिकचा. तेव्हा प्रत्येक पाकिटावर क्यूर डेट आणि ‘या तारखेनंतर वापरू नका’ ही तारीख न पुसली जाणाऱ्या शाईने छापा, आणि बोटीच्या मॅन्युअलमधला भाग क्रमांकही टाका, नुसता तुमचा कॅटलॉग नंबर नको.

दुसरं, त्यांचा एजंट तुम्हाला मुंबईतल्या दारुखान्याच्या भंगारबाजारातून काही जुने भाग आणून ‘यासोबत पाठवा’ म्हणेल. हे हमखास होतं. दारुखान्यात मोडलेल्या जहाजांचे खरोखर चांगले भाग मिळतात, मी स्वतः तिथे अनेक वेळा फिरलो आहे. पण मोडीतून निघालेल्या इंजेक्टरला ना चालल्याच्या तासांची नोंद, ना प्रमाणपत्र. तुमच्या बिलाखाली तो जाऊ देऊ नका.

तिसरं, कोटेशन देण्याआधी त्यांना चार गोष्टी लेखी विचारा: इंजिनाचा मेक आणि सीरियल नंबर, आतापर्यंत चाललेले तास, मागचं सील केव्हा बदललं, आणि भाग बसवणार कोण. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एजंटकडून घेऊ नका, त्यांच्या इंजिनरूमच्या चीफकडून घ्या; त्याचा नंबर मागितलात तर मिळतो. बसवण्याची पद्धत चित्रांसह एका पानावर द्या, जाड प्लॅस्टिकमध्ये, म्हणजे तेलकट हाताने धरता येईल.

आणि पहिली ऑर्डर मोठी घेऊ नका, ते मागत असले तरी. एका बोटीच्या एका इंजिनाला वर्षभर पुरेल इतकाच संच द्या. सहा महिन्यांनी कुठलं सील किती तास चाललं याचा कागद त्यांच्या चीफच्या सहीने आला, तर बाकीच्या बोटींचं कोटेशन पाठवा.